पोच

पहिला अर्ज मी तीन पानांचा लिहिला होता.
सविनय, सप्रेम, सादर, जमतील तेवढे स,
आणि पोटात सगळं एकदम:
उघाडीची कुजकी फळी, रस्ता, दिव्याचा खांब,
माकडांनी पाडलेले नारळ, टॉवर, एसटीची वेळ.
वाचणाऱ्याने कुठून धरावं?
गुंतलेलं जाळं होतं ते, मासा एकही नाही.

सुमतीकाकी बांधावर बसून ऐकत होती.
म्हणाली, "बाय गो, तू लिवतस ता खरा,
पण वाचतलो कोण?"

मधले दोन अर्ज कुठे गेले, ठाऊक नाही.

मग तालुक्याच्या कचेरीत रेडकर भेटले,
निवृत्तीला सहा महिने उरलेले,
म्हणून खरं बोलणारे.
कानावरचं पेन न काढता म्हणाले:
एक कागद, एक दुखणं.
खासदाराला गटार सांगू नये, सरपंचाला समुद्र.
खारबंधारा ज्या खात्याचा, तिथे आमदाराचं पत्र जायला हवं,
आणि आमदाराकडे जाताना हातात ग्रामसभेचा ठराव.
आणि बाई, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय
खिडकी सोडायची नाही.
शिक्का नाही म्हणजे तुम्ही आलाच नव्हता.

चौथा अर्ज पाऊण पान.
विषय: भाटीवाडी खारबंधाऱ्याची उघाडी बदलणेबाबत.
चौसष्ट एकर भातजमीन, अकरा विहिरी,
बेचाळीस सह्या, सात अंगठे.
प्रत्येकापुढे मतदार यादीतला अनुक्रमांक.
तो रकाना माझ्या डोक्यातला.
त्याचा अर्थ कुणाला समजावावा लागत नाही.

मंगळवारी सकाळी दहाला फोन.
साहेबांना नाही, त्यांच्या स्वीय सहायकाला.
नाव विचारलं, वहीत लिहिलं: आरोलकर.
दर मंगळवारी. आवाज न चढवता.
आवक क्रमांक इतक्यांदा म्हटला
की नात बाहुलीला थोपटताना म्हणू लागली,
एकोणीसशे सात, एकोणीसशे सात.

अखेर जीप आली.
अभियंता उतरला, तो नेमका ओहोटीला.
खाडी पार पल्याडच्या कांदळवनाशी गेलेली,
बांध कोरडा, कुर्ल्या उन्हाला आलेल्या,
उघाडीवर एक बगळा
फुटलेल्या साक्षीदारासारखा, मान वळवून.
अहवाल: पाहणी केली. गळती आढळून आली नाही.

त्या रात्री आधी रडू आलं, मग हसू.
भरतीची वेळ वाडीतलं शेंबडं पोरही सांगतं,
तिथीची पाऊणपट करायची.
पण हे कुठल्या शासन निर्णयात नाही
आणि आम्ही कधी लिहिलं नव्हतं.
पाचव्या अर्जात लिहिलं:
"पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.
कृपया पावणेअकराला यावे.
चपला हातात धराव्या लागतील.
सोबत विहिरीच्या पाण्याची बाटली जोडली आहे.
चहा करून पाहावा."

आमदार आले. हार नको म्हणाले.
आम्ही आणलाच नव्हता.
ठरवून गप्प उभे होतो,
बोलायची पाळी खाडीची होती.
फळीच्या फटीतून आधी करंगळीएवढी धार,
मग मळ्यात, मग चोंढ्यात,
मग साहेबांच्या घोट्यापर्यंत.
कुणीतरी घोषणा द्यायला तोंड उघडलं,
काकीने त्याला कोपराने ढोसलं.
आरोलकर फाईल डोक्यावर धरून उभे.

मी एवढंच विचारलं,
काम कधी, ते नाही,
पत्र खात्याकडे कुठल्या तारखेला जाईल?
तारीख सांगितली.
त्यांच्यासमोरच वहीत लिहिली.

फळी अजून बसलेली नाही.
निविदा निघाली म्हणतात. विहिरी अजून मचूळ.
आज सहावं पत्र लिहिते आहे, त्यात मागणं नाही.
विषय: पाण्यात उभे राहिल्याबद्दल आभार.
काकी म्हणते, "आभाराक शिक्को कित्याक व्हयो?"

तरी मी थांबणार आहे खिडकीपाशी,
दुसरी प्रत आत सरकवून.